वावरात घालायची गरसोळी: मैत्रिणीसाठी केलेल्या एका दागिन्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे मागच्या हंगामातलं प्रकरण, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातलं. मी घरीच मण्यांचे अन धाग्याचे दागिने करते. बचत गटाच्या ट्रेनिंगमध्ये शिकले, मग राख्या, लग्नसराईत मोत्याच्या मुंडावळ्या, कोणाच्या बाळाला मनगट्या, असं चालू झालं. सामान नागपूरच्या इतवारीतून आणते, वर्षातून दोनदा.

वनिता (नाव बदललंय) माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्नानंतर दोघी एकाच गावात आलो हे आमचं नशीब. तिचं ३ एकर वावर आहे, कपाशी अन तूर, अन घरचं काम सरलं की ती दुसऱ्यांच्या वावरातही वेचणीला जाते. दोन वर्षांआधी बियाण्याचे पैसे अन पोराची फी एकाच महिन्यात आली तेव्हा तिची सोन्याची गरसोळी, म्हणजे आमच्याकडचं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, गहाण गेली, अन मग काही सोडवता आली नाही. द्यायच्या आधी तिनं त्यातलं २ वाट्यांचं डोरलं अन ६ सोन्याचे मणी तेवढे काढून घेतले, कारण ते माहेरचे होते, आईनं घातलेले. ते एका जुन्या पावडरच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवले होते तिनं. गळ्यात मात्र आठवडी बाजारातली गिलटाची गरसोळी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन माझ्या घरी आली अन म्हणाली, "मले वावरात घालता आली पाह्यजे, अन मान खाजवली नाई पाह्यजे. बाकी तुले जसं जमन तसं कर."

मी लगेच हो म्हटलं. मोजमाप नाही, प्रश्न नाही, मैत्रीणच होती ना. खरं तर पुढच्या अर्ध्या चुका त्या एका मिनिटातच झाल्या होत्या.

अडचण नेमकी काय होती

तिची मान मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. मागं मणक्याच्या वरच्या हाडावर, जिथं हूक येतो तिथं, रुपयाएवढा काळपट खरबरीत डाग होता अन त्यावर खाजवून पडलेल्या रेघा. दुसरा डाग गळ्याच्या खाली, वाट्या टेकतात तिथं. पण मधली मान, जिथून नुसते काळे मणी जातात, ती साफ होती. शेजारच्या बाया म्हणत रक्त बिघडलं, कोणी म्हणे खोटं मंगळसूत्र लाभत नाही, अन ती बिचारी हे सगळं ऐकून घेत होती. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मात्र एका नजरेत सांगितलं होतं की ही धातूची अ‍ॅलर्जी दिसते, बहुतेक निकेलची, मलम लावा अन ते घालणं बंद करा. घालणं बंद कर असं सवाष्णीला सांगणं सोपं आहे, तिनं ते ऐकणं सोपं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, नकली दागिन्यावर पिवळा मुलामा अगदी पातळ असतो अन त्याच्या खाली बऱ्याचदा निकेलचा थर देतात, त्यानं मुलामा चांगला बसतो अन चमकही येते. मुलामा घासला गेला की निकेल उघडं पडतं, घामात ते थोडं थोडं उतरतं अन कातडीत जातं. खाज लगेच सुटत नाही, एक-दोन दिवसांनी सुटते, म्हणून बाईला वाटतं की काहीतरी खाण्यातलं असेल. अन एकदा अंगाला निकेल सोसेनासं झालं की ते बहुतेक जन्मभर तसंच राहतं. उन्हात वाकून काम करणाऱ्या बाईच्या गळ्यात घाम किती असतो ते सांगायला नको.

म्हणजे मणी त्रास देत नव्हते, हूक अन वाट्या देत होत्या. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं असं मला वाटलं.

समोर असलेले पर्याय

नवीन सोन्याची करणं हा विषयच नव्हता, तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलेला. आहे त्याच गिलटाच्या हुकाला बिनरंगी नेलपॉलिश लावणं हा गावातला उपाय, तो तिनं करून पाहिला होता, ८-१० दिवस बरं वाटायचं मग पॉलिश निघालं की परत तेच.

चांदीचा हूक हा मला पटलेला पर्याय. ९२.५ टक्के चांदी असली की उरलेलं बहुतेक तांबं असतं, निकेलचा प्रश्न सहसा येत नाही. घामानं काळी पडते, पण काळं पडणं वेगळं अन खाज वेगळी.

ओवायला काय वापरायचं यावर मात्र मी पुरेसा विचार केला नाही. घरात तीन गोष्टी होत्या. एक तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, दुसरी गिअर वायर म्हणजे नायलॉनचं वेष्टन असलेली बारीक स्टीलची तार, अन तिसरा साधा रेशमी धागा. स्टीलमध्येही निकेल असतं, ते सहसा बाहेर सुटत नाही, पण मला रिस्क नको होती म्हणून गिअर वायर बाद केली. रेशीम घामानं कुजेल म्हणून तेही बाद. उरला तंगूस, दिसत नाही, स्वस्त, सुईसुद्धा लागत नाही.

पहिला निर्णय अन पहिली गरसोळी

सोन्याचे मणी अन डोरलं मी आधी सोनाराकडं नेलं. हॉलमार्क नव्हताच, दागिना जुना, अन तसंही २ ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. पण मणी खरंच सोन्याचे आहेत की मुलाम्याचे हे कळणं गरजेचं होतं, नाहीतर चांदीचा हूक लावून उपयोग काय. सोनारानं कसोटीच्या दगडावर घासून पाहिलं, खरं सोनं निघालं, मणी पोकळ, आत लाख भरलेली. हे मी बरोबर केलं. पण तिथं वजनकाटा समोर असताना मी वजन करून लिहून घेतलं नाही. मैत्रिणीच्या सोन्याचं वजन करायचं म्हणजे कसंतरी वाटलं.

मग २ मिलिमीटरचे काळे काचमणी दोन पदरांत तंगुसावर ओवले, मधे मधे सोन्याचे ३-३ मणी, मधोमध डोरलं, मागं चांदीचा हूक. तंगुसाची टोकं बंद करायला गिअर लॉक दाबले, म्हणजे ते बारीक नळीसारखे मणी असतात ना, पक्कडीनं चेपायचे, ते. दसऱ्याच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या त्यामुळे एका दुपारीच काम उरकलं. घटस्थापनेला तिनं गळ्यात घातली, आरशात पाहिलं अन काहीच बोलली नाही, नुसता हात फिरवत राहिली डोरल्यावरून. मला फार बरं वाटलं.

गरसोळी वाढली तो दिवस

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, वेचणी जोरात. दुपारी तिचा फोन आला, आवाजच फुटत नव्हता. मी म्हटलं तुटली का, तर म्हणे, "तुटली म्हनू नको वो, वाढली म्हन." मी तशीच वावरात गेले.

वेचणीला बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, पऱ्हाटीनं, म्हणजे कपाशीच्या झाडानं, हात ओरबडू नयेत म्हणून, अन डोक्याला दुपट्टा. त्या शर्टाची कॉलर मानेवर दिवसभर घासते, बरोबर हुकाच्या जागी. तिथंच तंगूस गेला. अन मी मधे कुठंही गाठ मारली नव्हती म्हणून एका जागी तुटला तसे सगळे मणी सरसर निघून गेले. डोरलं ब्लाउजमध्ये अडकलं, ते वाचलं. मणी मात्र कपाशीच्या दोन ओळींत सांडले.

काळ्या मातीत काळे मणी शोधायचा प्रश्नच नव्हता. सोन्याचे तेवढे शोधायचे. सात बाया, सगळ्यांची मजुरी किलोवर, तरी सगळ्यांनी काम थांबवलं अन उकिडव्या बसून बोटांनी माती चाळली. भेगांमध्ये काडी घालून पाहिलं. ३ मणी मातीत सापडले, चौथा एका म्हाताऱ्या बाईला पऱ्हाटीच्या बुडाशी पालापाचोळ्यात दिसला, पाचवा संध्याकाळी घरी गेल्यावर वनिताच्या ओटीतल्या कापसात निघाला, सरकीसारखा बोंडात रुतून. सहावा नाही सापडला.

त्या रात्री मी तुटलेलं टोक मोबाइलच्या टॉर्चखाली पाहिलं. गिअर लॉक मी जास्त जोरात दाबला होता, तिथं तंगूस चपटा झाला होता अन काठावर पांढरा पडून चिरला होता. दुसरं म्हणजे स्वस्त काचमण्यांच्या भोकाला धार असते, एक मणी घेऊन नखानं फिरवला तरी जाणवतं, त्या धारेनं तंगूस जागोजागी खरवडला होता. उन्हानं अन वाकण्यानं तंगूस कडक होतो ते वेगळंच.

अन तिसरी गोष्ट मी तिची मान पाहिली तेव्हा कळली. मागं परत डाग आला होता, वाटाण्याएवढा, चांदीच्या हुकाखाली नाही, त्याच्या बाजूला, बरोबर गिअर लॉकच्या जागी. मी चांदीचा हूक आणायला दोन बस बदलून गेले अन त्याच्या शेजारी पितळेवर मुलामा दिलेला कण लावून मोकळी झाले. कधीपासून खाजतंय म्हणून विचारलं तर म्हणे आठव्या दिवसापासून. मग बोलली काहून नाही? तर म्हणते, "तू इतली मेह्यनत घेतली, मंग कशी सांगू तुले."

तिला मी विचारलं नव्हतं अन तिनं मला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला मी चार दिवसांनी फोन करून विचारते की बरोबर बसतंय का. तिला नाही केला, रोज तर भेटतो म्हणून.

हरवलेल्या मण्याचं काय

हा पैशाचा प्रश्न होता अन तो टाळता येत नव्हता. उरलेले ५ मणी मी सोनाराकडं वजन केले, प्रत्येकी पाव ग्रॅमच्या आसपास, जुन्या हिशेबानं २ गुंजा. आतली लाख सोडली तरी हरवलेला मणी जास्तीत जास्त अडीच-तीन हजाराचा धरायचा. सहाही सारखेच दिसत होते म्हणून अंदाज लागला, वेगवेगळे असते तर काय सांगितलं असतं मी तिला.

मी म्हटलं मी भरून देते. ती ऐकेना. मग अर्धे अर्धे म्हटलं तरी ऐकेना, उलट रागावली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी नीट बोललो नाही, ते मला मणी हरवण्यापेक्षा जड गेलं. शेवटी तिनंच तोडगा काढला, म्हणाली माझ्याजवळ आईच्या पोतीतला एक पोवळ्याचा मणी आहे, तो सहाव्याच्या जागी लाव. मी मजुरी घ्यायची नाही अन पुढची दुरुस्ती माझ्याकडं, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. त्या वेळी मला हे बरोबर वाटलं अन आजही वाटतं, कारण दोघींनीही काहीतरी सोसलं.

दुसऱ्यांदा करताना

यावेळी मी वही घेऊन तिच्या ओसरीवर बसले अन अनोळखी बाईला विचारावं तसं सगळं विचारलं. दिवसभर कोणती कामं, झोपताना काढते का, आंघोळीत असते का, शर्टाची कॉलर कुठं लागते, फवारणीच्या दिवशी काय करते, लहान पोर गळ्याला लोंबकळतं का. त्यातून एक गोष्ट निघाली जी माझ्या डोक्यातच नव्हती. सोयाबीन निघालं की ती मळणी यंत्रावर पेंढ्या द्यायला उभी राहते, अन एकदा तिच्या दुपट्ट्याचं टोक पट्ट्यात ओढलं जाता जाता वाचलं होतं.

मी तर आता न तुटणारी गरसोळी करायला निघाले होते. मजबूत धागा गळ्यात अन शेजारी फिरणारा पट्टा, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे मागणीच उलटी झाली: समोरचा भाग, जिथं सोनं आहे, तो सुटू नये, अन मागचा भाग जोराचा हिसका बसला तर सुटलाच पाहिजे.

ही गोष्ट तिच्या सासूला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. मावशी म्हणाल्या, "तुट्यासाठी बनवता का गरसोळी?" त्यांचं चुकीचं नव्हतं, सौभाग्याची वस्तू, तिच्यात मुद्दाम कच्ची जागा ठेवायची हे कोणाच्याही मनाला लागेल. मी समजावत बसले, यंत्राचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, काही पटेना. मग मी त्यांना सहज विचारलं की मावशी तुमच्या वेळी कशावर ओवत होते. अन त्या सुरू झाल्या. पोत धाग्यावरच असायची, जत्रेत पटवेकरी यायचा, झाडाखाली बसून पायाच्या अंगठ्याला धागा अडकवून भराभर गाठायचा, मागं गोंडा अन सुताचा फास. "आमची पोत त दरसाल गाठून घ्या लागे. सूत जुनं झालं की बदलायचं, त्यात काय." म्हणजे मी जो फास सांगत होते तो त्यांच्या गळ्यात चाळीस वर्षं होता. त्यानंतर त्यांनी एक शब्द विरोधात काढला नाही, उलट गोंडा लाल कर म्हणाल्या.

धाग्यासाठी मी बॅगा शिवायचा काळा पॉलिस्टर धागा घेतला, घामानं कुजत नाही अन ताणत नाही. मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढला, मेणानं धागा गुळगुळीत होतो अन गाठ सरकत नाही. काचमणी एकेक निवडून धारवाले काढून टाकले, मूठभर मण्यांतून जवळपास तिसरा हिस्सा फेकला. दर ५ काळ्या मण्यांनंतर एक गाठ, अन सोन्याच्या प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ. इथं एक अडचण आली. सोन्याच्या मण्याचं भोक मोठं, त्यातून गाठ आरामात आत जायची. मग दोन्हीकडं आधी एक काळा मणी टेकवला अन त्याच्या मागं गाठ मारली, तेव्हा ते बसलं. गाठ मण्याला अगदी चिकटून यायला सुई गाठीत घालून मण्यापर्यंत ढकलत न्यावी लागते, मग सुई काढून घट्ट ओढायचं. एका गाठीला मिनिट-दीड मिनिट. असं चार रात्री चाललं.

मागं धातू नाहीच. चांदीचा हूकही काढून टाकला, कॉलरखाली काहीच टोचायला नको. दोन्ही पदरांची टोकं एका साध्या सुती दोऱ्याच्या फासात, वर लाल गोंडा. फास किती कच्चा ठेवायचा हे मी घरीच लटकवून पाहिलं. २ किलो तुरीची पिशवी टांगली, टिकला. ५ किलोला तटकन तुटला अन पुढचे मणी जागेवरच राहिले, एकही हलला नाही. हे वनिताला समोर करून दाखवलं, तिनं स्वतःच्या हातानं पिशवी टांगली.

अन गळ्यात घालायच्या आधी धागा, मेण, काळे मणी, गोंड्याचं लाल सूत, सगळ्याचा एक छोटा तुकडा तिच्या दंडाला आतल्या बाजूनं तीन दिवस बांधून ठेवला. खाज येणारच असेल तर ती गळ्यापेक्षा दंडावर यावी. काही झालं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गरसोळी द्यायच्या आधी हा दंडावरचा तुकडा बांधला असता तर गिअर लॉक कदाचित तिथंच सापडला असता. निकेल ओळखायचं एक द्रावण मिळतं, डायमिथाइलग्लायऑक्झिमचं, कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर घासलं की निकेल सुटत असेल तर बोळा गुलाबी होतो. ते मी नंतर मागवलं अन माझ्याकडचे जुने हूक, कड्या, लॉक तपासले, बरेच गुलाबी निघाले. लोहचुंबकानं हे कळत नाही, कित्येक जणी चुंबक लावून पाहतात म्हणून सांगते.

सोनं हातात घेताना वजन करून, दोघींसमोर लिहून, फोटो काढून घ्यायला पाहिजे होता. यात अविश्वास नाही. उलट मणी हरवल्यावर जे दोन दिवस आमचे वाईट गेले ते गेले नसते.

घाई हे तर आहेच. दसऱ्याच्या ऑर्डरी आधी अन मैत्रिणीचं काम उरलेल्या वेळात, असं मी केलं. तिला मी सरळ सांगू शकले असते की दिवाळीनंतर देते, ती थांबली असती.

पॉलिस्टरबद्दल अजून माझं मन पूर्ण लागलेलं नाही. मावशी म्हणतात सुती धागाच बरा, दरवर्षी बदलला की झालं, अन मला वाटतं त्यात तथ्य आहे. पण वेचणीच्या मधोमध परत असं काही होऊ नये म्हणून सध्या पॉलिस्टरच.

आज काय परिस्थिती आहे

दुसरी गरसोळी तिच्या गळ्यात कार्तिकापासून आहे. मानेवरचा मोठा डाग फिका झालाय, जवळ जाऊन पाहिलं तरच दिसतो, खाज नाही. फवारणीच्या दिवशी ती काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवते, हे तिनंच ठरवलं. मागचा फास दोनदा बदलला, एकदा जुना झाला म्हणून अन एकदा तिच्या भाचीनं कडेवरून ओढला तेव्हा सुटला, मणी सगळे जागेवर. त्या दिवशी तिनं फोन केला तेव्हा आवाजात घाबरणं नव्हतं, नुसतं म्हणाली सुताचं रीळ घेऊन ये.

पऱ्हाटी उपटली तेव्हा त्या ओळींत आम्ही दोघींनी अन तिच्या पोरानं परत एकदा पाहिलं. सहावा मणी नाही मिळाला. पोवळं आता त्या जागी बसलंय, डावीकडून दुसरं. मृगाच्या आधी, पेरणीची गडबड सुरू व्हायच्या पहिले, एकदा सगळी सोडून परत गाठायची ठरलंय, अन मावशीही येऊन बसणार आहेत, पायाच्या अंगठ्याला धागा कसा धरायचा ते दाखवायला.